ट्रेमधला पाहुणा

अर्धसूत हे काही माणसाचं नाव होऊ शकत नाही, हे मान्य. पण ज्याला एकतीस वर्षं कारखान्यात त्याच नावाने हाक मारली, त्याने तक्रार करायची तरी कुठे? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फिटर मंडळींची जीभ याच मापात चालते. बाकीचे फिटर "एक सूत इकडे घे, दोन सूत तिकडे सरकव" एवढ्यावर भागवायचे. हे गृहस्थ एक डोळा मिटून म्हणायचे, "अर्धं सूत." पट्टी लावली की खरंच अर्धं सूत निघायचं. झालं, नाव चिकटलं. पुढे पुढे तर नवीन आलेले कारकूनही "अर्धसूतसाहेब आहेत का?" असं अदबीने विचारायचे.

कारखाना पत्र्याच्या डब्यांचा. फिटरच्या ताब्यात मशिनं बरीच होती, पण जीव सात नंबरवर. सात नंबर भरलेल्या डब्यावर झाकण बसवून कडा दुमडायचं, मिनिटाला नव्वद झाकणं. ते खोकलं की फिटर घरी जेवताना गप्प. ते नीट चाललं की भाजीला चव आली. "आज सात नंबरची तब्येत कशी आहे?" असं बायको विचारायची, आणि तिच्या आवाजात सवतीबद्दल विचारल्यासारखं काहीतरी असायचं.

या माणसाचा एक नियम होता. मशीन उघडलं की निघालेला प्रत्येक भाग पत्र्याच्या ट्रेमध्ये जाणार, तोही निघाला त्या क्रमाने. मशीन मिटलं की ट्रे रिकामा दिसला पाहिजे. एक वॉशर जरी उरला तरी मशीन पुन्हा उघडायचं. मग साहेब डोक्यावर उभा असो, नाहीतर छप्पर डोक्यावर येवो. "ट्रेमध्ये आलं ते मशीनचं," असं ते म्हणायचे. त्यापुढे वाद नाही.

हा नियम कारखान्यापुरता राहिला असता तर बरं होतं. लेकीच्या घरी पलंग आला तो खोक्यातून, सुट्या फळ्यांचा. जावईबापू कागदावरचं चित्र बघून जोडायला बसले होते, तेवढ्यात सासरे आले. "सरका," म्हणाले. पलंग जोडला. दोन स्क्रू उरले. पलंग उघडला, पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले. जावईबापू चार दिवस जमिनीवर झोपले आणि सासऱ्यांसमोर "पाठ कशी मोकळी झाली" असं म्हणत राहिले. पाचव्या दिवशी लेकीने कागदाच्या मागची बारीक ओळ वाचून दाखवली: दोन स्क्रू जास्तीचे दिले आहेत. फिटरनी चष्मा पुसून ती ओळ स्वतः वाचली. मग दोन्ही स्क्रू पाकिटात घालून कंपनीला परत पाठवले, सोबत पत्र. "महोदय, लागत नव्हते तर दिले का? दिलेत तर लागत का नाहीत? कळावे." उत्तर आलं नाही. फिटर आजही त्या कंपनीचं नाव निघालं की दुसरीकडे बघतात.

तर असा हा माणूस, आणि त्याचा कारखाना बंद पडला.

कारखाने बंद पडतात, त्यात नवल नाही. नवल पुढे झालं. इमारत शहराच्या कमिटीकडे आली. तिथे वाचनालय करायचं ठरलं, आणि पुढच्या दालनात "जुन्या यंत्रांच्या टाकाऊ भागांतून घडवलेली एक कलाकृती" उभी करायची ठरली. उरलेलं सगळं लोखंड भट्टीत. कलाकृतीचं काम बघायला एक बाई नेमल्या होत्या. कॉलेजात शिल्पकला शिकवून निवृत्त झालेल्या. केस आखूड, चष्मा दोरीला, बोलणं तुटक.

फिटर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "सात नंबर भट्टीत देऊ नका," म्हणाले.

"अख्खं मशीन ठेवता येणार नाही," बाई म्हणाल्या. "दालनाची जमीन खचेल. आणि अख्खं मशीन म्हणजे नुसतं मशीन. मला घडवलेलं काहीतरी हवंय. त्यात जे जे भाग वापरले जातील ते राहतील. बाकीचं या महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ट्रकमध्ये."

"वापरलेलं राहील?"

"राहील."

"मग मी घडवतो."

बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "आधी कधी केलंय?"

"नाही. पण सात नंबर मी एकशे बारा वेळा उघडलंय."

बाई त्यांना म्हणाल्या, आधी जाऊन बघून या, अशी कामं कशी असतात. फिटर शहराच्या कलादालनात गेले. एका खोलीत तेलाची पिंपं एकावर एक रचली होती आणि वरून तारा लोंबत होत्या. फिटरनी हात पाठीमागे बांधून दोन फेऱ्या मारल्या आणि दारातल्या पहारेकऱ्याला बाजूला घेतलं.

"ते तिसरं पिंप सुटं आहे हो."

"तसंच आहे ते."

"पडेल."

"पडलेलंच आहे ते, काका. तसं मांडलंय."

फिटर घरी आले. बायकोने विचारलं, "काय बघून आलात?"

"पडलेलं पिंप."

"एकतीस वर्षं मशिनं दुरुस्त केलीत," बायको म्हणाली. "आता बिघडवायला शिका. जमेल हळूहळू."

मदतीला शिट्टी आला. हा बॉयलरवरचा. पाळी बदलण्याची शिट्टी तोच वाजवायचा म्हणून हे नाव, आणि कारखाना बंद पडल्यावर शिट्टीला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घरी सून म्हणे त्याला दर तासाला घड्याळाकडे बघून गाल फुगवताना बघायची. तो आणि फिटर एकाच वर्षी कामाला लागले होते. एकमेकांना चांगलं म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

पॅकिंगच्या रिकाम्या शेडमध्ये काम सुरू झालं. सात नंबरचा मुख्य दांडा उभा करायचा, त्याच्यावर अंड्याच्या आकाराची कॅमची चाकं एकाआड एक चढवायची, बाजूने साखळ्या खाली सोडायच्या, आणि वर, जिथून डबे आत शिरायचे ते तोंडाचं कडं. बाईंनी कागदावर चार रेघा मारून दाखवलं.

"आणि दांडा सरळ नको," बाई म्हणाल्या. "थोडा तिरका."

"किती?"

"मनाला वाटेल तितका."

"मनाला किती वाटतंय ते अंशात सांगा."

बाईंनी कागदाची घडी घातली. "अकरा," म्हणाल्या. बहुधा पिच्छा सोडवायला. फिटरनी अकरा अंश लावला. दांडा इतका अचूक तिरका झाला की शिट्टी म्हणाला, "अर्ध्या, आता जगात हा एकटाच सरळ आहे, बाकी सगळं वाकडं."

दुसरा खटका उडाला तो वेल्डिंगवरून. बाईंचं म्हणणं, दोन दिवसांत वेल्डिंगने जोडून मोकळे व्हा. फिटर म्हणाले, वेल्डिंग नाही, नटबोल्टच. वेल्डिंग केलेलं उघडता येत नाही, आणि जे उघडता येत नाही ते बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं?

"हे बिघडेल कसं?" बाई म्हणाल्या. "हे चालतच नाही."

"म्हणून काय झालं," फिटर म्हणाले आणि बेअरिंगमध्ये वंगण भरायला बसले.

बाईंनी पुढे विचारणं सोडून दिलं. पण त्या रोज येऊ लागल्या, आणि स्टुलावर बसून बघू लागल्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक तुकड्याला बसवण्याआधी हातात फिरवून का बघता?" फिटर म्हणाले, "त्याला कुठली बाजू वर हवीय ते कळतं." बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. शिट्टीने नंतर डोकावून बघितलं. वहीत लिहिलं होतं: अठ्ठावीस वर्षं हेच शिकवत होते, या भाषेत सुचलं नाही.

काम करता करता जुन्या गोष्टी निघायच्याच. कारखान्यात एक खोडी चालायची, तिला 'पाहुणा' म्हणत. एखाद्याने मशीन उघडलं की गुपचूप त्याच्या ट्रेमध्ये एक परका नट टाकायचा. तो बिचारा मशीन जोडतो, बघतो तर नट उरलेला. की पुन्हा उघडा. शिट्टीला एकदा पाण्याच्या पंपाला असा पाहुणा आला होता. त्याने पंप तीनदा उघडला, चौथ्या वेळी रडकुंडीला येऊन नट गटारात फेकला, आणि पुढे वर्षभर पंपाने आवाज केला की दचकायचा. तो पाहुणा कुणी पाठवला ते तीस वर्षं कळलं नव्हतं. या कामात, साखळी ओढता ओढता, फिटर अगदी सहज बोलून गेले, "तो मीच टाकला होता रे." आणि हसले. वर्षातून दोनदा हसणारा माणूस, त्यातलं एक हसू त्याने इथे खर्च केलं.

शिट्टी साखळी ओढत राहिला. इथे फिटरना कळायला हवं होतं.

बुधवारी दुपारी काम पुरं झालं. चारशे सहा भाग, दांड्याच्या तळापासून वरच्या कड्यापर्यंत. कमिटी गुरुवारी अकराला बघायला येणार होती. शिट्टी "जेवून येतो" म्हणून निघून गेला. जाताना त्याची चाल जरा उड्या मारल्यासारखी होती.

फिटरनी हत्यारं पुसली, पाने मापाप्रमाणे लावले, आणि ट्रे पालथा घालायला उचलला. ट्रेमध्ये एक पितळी नट होता.

त्यांनी तो चिमटीत धरला. बोल्टवर फिरवून बघितला, आटे जुळले. त्यांनी तो ट्रेमध्ये परत ठेवला. वर बघितलं. अकरा अंशात सात नंबर उभं होतं, कुठे काही कमी दिसत नव्हतं. हेच तर वाईट. कमी दिसलं असतं तर तिथे बसवून टाकला असता. त्यांनी थर्मासमधला चहा ओतून घेतला, उभ्याने प्यायला, गोणपाटं अंथरली आणि वरच्या कड्यापासून उघडायला सुरुवात केली.

शिट्टी दोन तासांनी आला. येताना मजा बघायला म्हणून त्याने चेहरा अगदी निर्मळ करून आणला होता. शेडच्या दारात तो थांबला. शेडभर गोणपाटांवर रांगा लागल्या होत्या. कॅमची चाकं, साखळ्या, बेअरिंगं, प्रत्येकावर खडूने आकडा. मधोमध एकटा दांडा, आणि दांड्याच्या तळाशी गुडघे टेकून बसलेले फिटर.

"अर्ध्या," शिट्टी म्हणाला. आवाज आलाच नाही. तीस वर्षं साऱ्या गावाला घरातून उठवलेला माणूस. "अर्ध्या, तो पाहुणा होता रे."

फिटर उठले. गुडघे झटकले.

"मला वाटलं तू एखादा बोल्ट सैल करून बघशील," शिट्टी म्हणाला. "मग मी येऊन हसणार होतो."

"एखादा बोल्ट सैल करून काय दिसतं?"

"उद्या अकराला येणार आहेत ते!"

"ते मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं."

"मार मला," शिट्टी म्हणाला. "हा पाना घे आणि मार."

फिटरनी पाना घेतला आणि मापाच्या जागी ठेवला. "पंप किती वेळा उघडलास?"

"तीनदा."

"मी एकदाच उघडलंय. अजून दोनदा उघडावं लागलं तरी तुझं बोलायचं काम नाही. चाक उचल. एक नंबरपासून."

अंधार पडेपर्यंत निम्मं झालं, शेडमध्ये दिवे नव्हते. गुरुवारी उजाडताच दोघं पुन्हा चढले. दहा वाजता फाटकाशी ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, आत डोकावला. एका बाजूला कारखान्याचं उरलेलं लोखंड, दुसऱ्या बाजूला गोणपाटांवरचं.

"काका, यातलं माझं कोणतं?"

"तिकडचं," फिटर शिडीवरून म्हणाले.

"आणि हे गोणपाटावरचं?"

"तेही तुझंच, अकरापर्यंत वर चढलं नाही तर," शिट्टी म्हणाला. "म्हणून बोलत उभा राहू नकोस, ती साखळी धर."

ड्रायव्हरने साखळी धरली. भट्टीला न्यायला आलेला माणूस, पण साखळी चांगली धरली त्याने.

अकराला बाई आल्या, कमिटीचे इंजिनियर आले आणि कमिटीचे चिटणीस आले, जे कधीच काही बोलत नसत. तेव्हा वरचं कडं बसायचं होतं. सव्वाअकराला तेही बसलं. इंजिनियरनी भोवती फेरी मारली, दांड्याला धक्का देऊन बघितला, स्वतःच मागे सरकले, आणि कागद पुढे केला. "ठीक आहे. काम पूर्ण झालं, इथे सही करा. सही झाली की हे दालनात जाईल. नाही झाली तर नियमाप्रमाणे भंगारात. ट्रक उभाच आहे."

फिटरनी कागद घेतला, पेन घेतलं, आणि ट्रेकडे बघितलं. पितळी नट तिथेच होता.

"सही नाही करता येणार," फिटर म्हणाले.

"का?"

"एक उरलाय."

शिट्टी पुढे आला. "साहेब, तो माझा आहे. माझ्या खिशातला, घरच्या नळाचा. मी गंमत केली होती." त्याने नट उचलायला हात घातला.

"ठेव तो," फिटर म्हणाले. "ट्रेमध्ये आलं ते मशीनचं."

"अरे, पण मी टाकला ना!"

"कुणी टाकला हे नियमात नाही. तुझ्या पंपाच्या वेळी होतं का?"

इंजिनियरनी घड्याळ बघितलं. "हे बघा, तुम्ही सही करा, तो नट मी घेतो. कमिटीच्या नावावर."

"कमिटीला काय लागतोय तो?"

कमिटीला लागत नव्हता. ड्रायव्हरने इंजिनाकडे जाऊ की नको असा चेहरा केला. शिट्टीच्या ओठावर घाम आला होता. आणि फिटर कागद हातात धरून उभे. त्यांना दिसत होतं की एका सहीचं काम आहे, सात नंबर वाचतंय. आणि तरी सही होईना. ज्या हाताने एकतीस वर्षांत एकदाही खोटं 'पूर्ण' लिहिलं नाही, तो हात आता कागदावर टेकतच नव्हता. त्यांनी बाईंकडे बघितलं.

"बाई," ते म्हणाले. "हा कुठे जातो?"

एखाद्या विद्यार्थ्याने विचारावं तसं विचारलं. बाईंनी चष्मा चढवला. नट चिमटीत घेऊन फिरवून बघितला, एक बाजू, मग दुसरी. सात नंबरभोवती सावकाश एक फेरी मारली. दुसरी मारली. मग शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून वरच्या कड्याच्या मोकळ्या कडेवर बोट ठेवलं.

"इथे."

"तिथे तो काय धरून ठेवणार?"

"काही नाही."

"त्याच्यावर भार?"

"काही नाही."

"मग तिथेच का?"

"तिथे हवाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ना, कुठली बाजू वर हवी ते कळतं? तसंच मला कळतंय. अंश विचारू नका."

फिटरनी अंश विचारला नाही. ते बाईंच्या बोटाकडे बघत राहिले, इतका वेळ की न बोलणारे चिटणीस खोकले. मग फिटर म्हणाले, "शिट्टी, हातड्रिल आण."

पुढचा अर्धा तास कमिटी पॅकिंगच्या खोक्यांवर बसून होती. फिटरनी खडूची खूण केली, मग शिडीवरून उतरून लांबून बघितली, आणि पुन्हा चढून खूण पुसली. अर्धं सूत डावीकडे घेतली. बाई खालून म्हणाल्या, "हो. तिथेच." भोक पाडलं, आटे पाडले, बोल्टचा तुकडा कापून बसवला, आणि त्याच्यावर तो घरच्या नळाचा पितळी नट फिरवत नेला. शेवटचा पीळ दिला तेव्हा शिट्टीने श्वास रोखला होता. नट बसला. त्याच्याने काहीही झालं नाही. काही धरलं गेलं नाही, काही थांबलं नाही, काही फिरलं नाही.

फिटरनी ट्रे उचलून पालथा घातला. हात फिरवून बघितला. मग सही केली, खाली तारीख घातली, आणि वेळही घातली, कारण अकराचं काम बाराला झालं होतं आणि ते लपवण्यासारखं नव्हतं. इंजिनियरनी कागद फाइलला लावला. ड्रायव्हर त्याचं लोखंड भरून निघून गेला, फाटकातून वळताना एकदा हॉर्न वाजवून. शिट्टीने सवयीने गाल फुगवले.

वाचनालय उघडलं त्या आठवड्यात फिटर बायकोला घेऊन गेले. कारखान्यात बायकांना येऊ देत नसत, त्यामुळे तिने सात नंबर कधीच बघितलं नव्हतं. फिटरनी खालपासून दाखवायला सुरुवात केली. हा दांडा, हा सगळ्यांना फिरवायचा. ही चाकं, ही झाकण खाली दाबायची. ही साखळी, ही डबे पुढे न्यायची. बायको मान हलवत होती. वाचायला आलेली चार माणसं पुस्तकं मिटून ऐकायला लागली होती.

"आणि तो वरचा पिवळा?" बायकोने विचारलं. "तो काय करायचा?"

"तो?" फिटर म्हणाले. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि बघतच राहिले. "तो असाच."

छत्तीस वर्षांच्या संसारात तिने या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. ती जवळ आली आणि तिने सगळ्यांदेखत त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

"ताप तर नाही," ती म्हणाली.